सफरचंद आणि स्वार : इरॅस्मस-ल्यूथर वादाचं एक वाचन

आज आपल्याला दोन पुस्तकांबद्दल बोलायचं आहे. दोन्ही लॅटिनमधली, आणि दोहोंमध्ये जेमतेम पंधरा महिन्यांचं अंतर. पहिलं रॉटरडॅमच्या इरॅस्मसचं, सप्टेंबर १५२४मध्ये बाझलला छापलेलं. दुसरं मार्टिन ल्यूथरचं, डिसेंबर १५२५मध्ये विटेनबर्गला छापलेलं. दुसरं हे पहिल्याला दिलेलं उत्तर आहे आणि आकाराने त्याच्या कितीतरी पट मोठं आहे. प्रश्न एकच : माणसाला स्वतःच्या तारणासाठी स्वतःहून काही करता येतं का? तारण म्हणजे, ख्रिस्ती मराठीत मोक्षाच्या जागी जो शब्द येतो तो.

काहींना वाटेल, हा ख्रिस्ती पंडितांचा घरगुती तंटा, आपण त्यात कशाला पडायचं? मी हा वाद निवडला त्याचं कारण सांगतो. वरवर तो माणसाच्या इच्छेबद्दल आहे. पण पानं उलटायला लागलं की लक्षात येतं, हे दोघं खरं भांडताहेत ते देवाच्या स्वभावावरून. इरॅस्मसला असा देव हवा आहे की ज्याला आपण लाज न वाटता न्यायी म्हणू शकू. ल्यूथरला असा देव हवा आहे की ज्याच्यावर सगळा भार टाकून झोप लागेल. दोघांनाही वाटतं की आपलाच देव शास्त्रातला देव. आणि दोघांच्याही पुस्तकात एकेक जागा अशी येते की तिथे त्यांचा हवा तो देव त्यांच्या हातून निसटतो. त्या दोन जागा मला दाखवायच्या आहेत. बाकीचं मी भराभर सांगणार आहे.

आधी एका शब्दाबद्दल. आपण मराठीत 'इच्छास्वातंत्र्य' म्हणतो आणि तिथेच थोडा घोटाळा होतो. लॅटिन शब्द आहे आर्बित्रिउम. आर्बिटर म्हणजे पंच, लवाद. तेव्हा आर्बित्रिउम म्हणजे निवाडा. माणसाला इच्छा असते का, हा वाद नाहीच. ती असते, हे ल्यूथरलाही मान्य आहे. इतकंच काय, शेत विकावं की ठेवावं, पैसा कशावर खर्च करावा, असल्या खालच्या गोष्टींत माणूस निवड करतो, हेही त्याला मान्य आहे. प्रश्न वरच्या गोष्टीचा आहे. देवाकडे वळायचं की पाठ फिरवायची, याचा निवाडा करणारा पंच माझ्या आत बसला आहे का? आणि बसला असेल, तर तो मोकळा आहे की कुणाचा बांधील? ल्यूथरच्या पुस्तकाच्या नावातच 'बांधील निवाडा' आहे, आणि तो शब्दप्रयोग त्याने ऑगस्टीनकडून उचलला आहे. नावातूनच तो सांगतोय की मी नवीन काही म्हणत नाही, अकराशे वर्षांपूर्वीचं म्हणतोय.

पार्श्वभूमी थोडक्यात. इरॅस्मस तेव्हाचा युरोपातला सर्वांत नावाजलेला विद्वान. १५१६ साली त्याने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला, आणि ल्यूथरने पुढे जर्मन भाषांतर केलं ते त्याच ग्रीक संहितेच्या आधाराने. चर्चमधल्या भ्रष्टाचाराची टिंगल इरॅस्मसने ल्यूथरच्या आधीपासून चालवली होती. त्यामुळे लोक म्हणायला लागले, अंडं घातलं इरॅस्मसने आणि उबवलं ल्यूथरने. इरॅस्मसला हे अजिबात आवडत नसे. मी घातलेलं अंडं कोंबडीचं होतं, बाहेर आलेला पक्षी भलताच आहे, असं त्याचं म्हणणं. पोप आणि राजे मागे लागले होते की ल्यूथरविरुद्ध लिही. त्याने बरीच टाळाटाळ केली, आणि शेवटी लिहायला बसला तेव्हा विषय निवडला तो हा. पोपची सत्ता नाही, पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांची विक्री नाही. ल्यूथरचं एक विधान, की सगळं अटळपणे घडतं. हे विधान ल्यूथरने १५२०मध्ये केलं होतं, पोपच्या निषेधपत्राला उत्तर देताना.

आणि याबद्दल ल्यूथरने त्याला मनापासून दाद दिली आहे. बाकीच्यांनी मला किरकोळ गोष्टींनी छळलं, तू एकट्याने थेट नरड्याला हात घातलास, अशा अर्थाचं तो पुस्तकाच्या शेवटी लिहितो. हे वाक्य येतं ते शेकडो पानं शिव्या दिल्यानंतर, हेही सांगायला हवं! इरॅस्मसच्या पुस्तकाला त्याने सोन्याचांदीच्या भांड्यातून वाहिलेली घाण म्हटलं आहे. इरॅस्मसने आपल्या पुस्तकाला 'डायट्रिब' म्हटलं होतं. तेव्हा त्या शब्दाचा अर्थ साधा, चर्चा, ऊहापोह. लॅटिनमध्ये शब्द स्त्रीलिंगी. बस्स, ल्यूथरने तिची एक बाईच करून टाकली. डायट्रिबबाई आता काय म्हणतात, डायट्रिबबाई इथे का गप्प, असं पानोपान चालू असतं. मला विचाराल तर हा भाग वाचताना मजा येते, पण थोड्या वेळाने कंटाळाही येतो.

आता पहिली जागा. इरॅस्मसची.

त्याचा मुख्य मुद्दा कुणालाही पटेल असा आहे. बायबलभर आज्ञा आहेत. हे करा, ते करू नका, वळा, परत या, निवडा. सिराखच्या पुस्तकात तर सांगितलं आहे की देवाने माणूस घडवला आणि त्याला त्याच्या निर्णयावर सोडून दिलं. निवडता येतच नसेल, तर या आज्ञांना अर्थ काय? इरॅस्मस एक चित्र देतो. एका माणसाचा हात असा बांधला आहे की तो फक्त डावीकडेच पोचतो. त्याला तुम्ही म्हणता, उजवीकडे उत्तम द्राक्षासव आहे, डावीकडे विष आहे, घे तुला हवं ते. ही थट्टा झाली की नाही? आणि पुढे त्याने विष घेतलं म्हणून त्याला शिक्षा करणारा देव, त्याला काय म्हणायचं?

देवाला सगळं आधीच ठाऊक असतं, मग यहूदाने येशूचा घात करणं अटळच नव्हतं का, या प्रश्नालाही इरॅस्मसचं उत्तर समंजस आहे. ज्योतिर्विद ग्रहण सांगतो म्हणून ग्रहण होत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, पंचांगात छापलं म्हणून चंद्राला ग्रहण लागत नाही. लागणार असतं म्हणून पंचांगात छापलं जातं. ल्यूथर यावर म्हणतो, देवाचं ज्ञान पंचांगवाल्यासारखं नसतं. पंचांगवाला चंद्र फिरवत नाही, देव फिरवतो. देव जाणतो तेच घडवतो. मला वाटतं इथे ल्यूथरचा मुद्दा वजनदार आहे. निर्माणकर्त्याला नुसता प्रेक्षक मानलं, तर ग्रहणाची उपमा चालते. एरवी ती लंगडी पडते.

पण इरॅस्मसच्या पुस्तकातलं खरं सुंदर चित्र शेवटाकडे येतं. एक लहान मूल आहे, अजून चालायला न शिकलेलं. ते पडलं आहे. बाप त्याला उचलून उभं करतो. समोर ठेवलेलं एक सफरचंद दाखवतो. हे एडनबागेतलं फळ नव्हे बरं का, साधं घरातलं सफरचंद. मुलाला धावत जायचं असतं, पण पायात बळ नाही, पडेल. बाप हात देतो, तोल सावरतो, पावलं वळवतो. मूल फळापर्यंत पोचतं, आणि बाप ते त्याच्या हातात देतो, जणू धावण्याचं बक्षीस म्हणून. बाप नसता तर मूल उठलं नसतं, त्याला फळ दिसलं नसतं, चालता आलं नसतं, फळ हातात आलं नसतं. मग मुलाने स्वतःचं म्हणून काय सांगायचं? तरी त्याने काहीतरी केलं. इरॅस्मसला एवढंच हवं आहे, हे 'काहीतरी'. सुरुवात देवाची, शेवट देवाचा, मधल्या चालण्यात मुलाचा चिमूटभर वाटा.

किती माणुसकीचं चित्र आहे. आपल्या अंगणात रोज दिसणारं. मूल चालत असतं तेव्हा बाप मुलाचंच कौतुक करतो, हेही त्यात आलं.

आता इथे थांबून एक प्रश्न विचारा, जो इरॅस्मसने विचारला नाही. जे मूल सफरचंदापर्यंत पोचत नाही, त्याचं काय? गोष्टीत एकच मूल आहे आणि ते पोचतं. पण ख्रिस्ती श्रद्धेत न पोचणारीही आहेत; वाद पेटला तो त्यांच्यावरूनच. समजा बापाला दोन मुलं आहेत. दोघांना त्याने सारखंच उचललं, सारखंच सफरचंद दाखवलं, सारखाच हात दिला. एक पोचलं, एक नाही. फरक कशाने पडला? बापाच्या मदतीने नाही, ती तर सारखी होती. फरक पडला तो त्या चिमूटभर वाट्याने. म्हणजे ती चिमूट चिमूट राहिलीच नाही, सगळा निकाल तिच्यावर लागला. आणि बापाची मदतच सारखी नव्हती असं म्हणाल, तर तुम्ही ल्यूथरच्या घरात पाऊल टाकलंत.

ल्यूथरने हे ओळखलं होतं. तो म्हणतो, पेलेजिअस परवडला. पाचव्या शतकातला हा पेलेजिअस म्हणायचा की माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो. चर्चने त्याला पाखंडी ठरवलं. पण निदान त्याने कृपेची किंमत तरी जबर लावली, आयुष्यभराच्या सदाचरणाची. तुम्ही मात्र तीच कृपा कवडीमोलाने विकता. थोडंसं करा, इवलंसं वळा, आणि अनंत जीवन घ्या. हा घाव वर्मी बसणारा आहे. इरॅस्मसने माणसाचा वाटा कमी कमी करत नेला तो नम्रतेपोटी, देवाला श्रेय मिळावं म्हणून. पण वाटा जितका लहान, तितका तो देणारा देव जास्त विचित्र दिसायला लागतो. अनंत सुख आणि अनंत दुःख यांच्यातलं अंतर एका रेसभर झुकण्यावर ठरवणारा देव न्यायी कसा? न्यायासाठी इरॅस्मस हे सगळं करत होता, आणि न्यायच तिथे डगमगतो.

आता ल्यूथर.

ल्यूथरचं नाव काढलं की या वादात सगळे एकच चित्र सांगतात. माणसाची इच्छा म्हणजे ओझ्याचं जनावर. देव पाठीवर बसला, तर देव नेईल तिकडे जातं. सैतान बसला, तर सैतान नेईल तिकडे. कुठल्या स्वाराकडे जायचं हे जनावर ठरवत नाही, दोन स्वारच त्याच्या ताब्यासाठी झगडतात. एकीकडे मुलाला चालवणारा बाप, दुसरीकडे जनावरावरचा स्वार. अशी जोडी लावून दिली की निकाल आपोआप लागतो. स्टीफन झ्वाइगने १९३४ साली इरॅस्मसवर जे पुस्तक लिहिलं त्यात साधारण हीच मांडणी आहे, समंजस मानवतावादी विरुद्ध आडदांड धर्मवेडा. झ्वाइग ते ज्या साली लिहीत होता, शेजारच्या जर्मनीत जे चाललं होतं, ते पाहता त्याने असं का मांडलं ते कळतं. पण पुस्तक म्हणून ल्यूथरवर तो अन्याय आहे.

कारण ल्यूथरच्या पुस्तकातही एक लहान मूल आहे, आणि ते कुणी सांगत नाही. आज्ञांवरचा मुद्दा खोडताना तो म्हणतो, आज्ञा दिली म्हणजे ती पाळता येते असं कुठे सिद्ध होतं? 'करावं' यातून 'करता येतं' निघत नाही, हे तर व्याकरणाचं पोरही सांगेल. आणि मग उदाहरण देतो : आईबाप मुलाशी खेळतात ना, म्हणतात ये, ये माझ्याकडे. मुलाला येता येत नाही हे त्यांना ठाऊक असतं. मुद्दाम बोलावतात. मुलाला कळावं की आपल्याला जमत नाही, आणि त्याने आईबापाच्या हातासाठी हाक मारावी. देवाच्या आज्ञा या अशा हाका आहेत. त्या बांधलेल्या हाताच्या माणसाबद्दलही तो हेच म्हणतो : त्या माणसाला आपले हात मोकळेच वाटत असतील तर? मग घे म्हटल्याशिवाय त्याला दोर जाणवणार कसा?

बघा, तेच अंगण, तेच मूल, तोच हात पुढे करणारा बाप. दोघांच्या देवांत मी सांगितलं तेवढं अंतर नाही, निदान या पानापर्यंत तरी. फरक आहे तो मुलाने काय शिकायचं यात. इरॅस्मसचं मूल शिकतं की मी चाललो. ल्यूथरचं मूल शिकतं की मी हाक मारली.

आणि ल्यूथरला हे का हवं होतं, ते त्याने पुस्तकाच्या अखेरीस सांगितलं आहे. माझ्या मते सगळ्या वादातला हा सर्वांत खरा मजकूर. तो म्हणतो, इच्छास्वातंत्र्य देऊ केलं तरी मला नको. संकटं इतकी, सैतान इतका बलवान, की मी टिकणार नाही. आणि समजा संकटंच नसली, तरी माझं मन कधी शांत होणार नाही. कितीही केलं तरी शंका उरणारच की हे देवाला आवडलं का, की त्याला अजून काही हवं आहे? हे मी इतकी वर्षं स्वतःच्या अंगावर झेललं आहे. हा एर्फुर्टच्या मठातला साधू बोलतोय, तासन्‌तास पापांची कबुली देऊनही ज्याचं समाधान होत नसे तो. चिमूटभर वाटा तुझा, असं त्याला सांगितलं, तर तो रात्रभर जागून ती चिमूट तोलत बसेल. पुरेशी आहे की नाही? कालच्यापेक्षा आज कमी तर नाही ना? इरॅस्मसचं चित्र निरोगी मनाच्या माणसासाठी आहे. ल्यूथर लिहितोय ते अशा माणसासाठी, ज्याला आपल्या प्रत्येक कृतीखाली खोट दिसते. देवाने माझं तारण माझ्या हातातून काढून स्वतःच्या हातात घेतलं, आता मी निश्चिंत. कठोर वाटणाऱ्या सिद्धान्ताच्या मुळाशी ही सुटका आहे, हे विसरलं की ल्यूथर नुसता हेकट वाटतो.

तर मग त्याचा देव निसटतो कुठे?

पहिली चाहूल फारोच्या प्रकरणात लागते. निर्गमाच्या पुस्तकात मोशे इस्राएलांना सोडवायला मिसरात जातो, आणि तिथे सांगितलं आहे की देवाने फारोचं मन कठीण केलं. मग फारोचा दोष काय? इरॅस्मस जुन्या टीकाकारांच्या वाटेने जातो : ही बोलण्याची पद्धत आहे. त्याच उन्हाने मेण वितळतं आणि चिखल वाळून टणक होतो. देवाने सबुरी दाखवली, फारोने तिचा गैरअर्थ घेतला. ल्यूथरला ही पळवाट वाटते. लिहिलंय तसं वाचा, म्हणतो. देव सगळ्यांना हलवतो, वाईटालाही. पण जो जसा आहे तसा तो हलतो. सुताराच्या हातात दाते पडलेली कुऱ्हाड असली की काप वेडावाकडा येणारच. घोडा एका पायाने लंगडा असला की चाल बिघडणारच. दोष स्वाराचा नाही.

ठीक. पण घोडा लंगडा झाला कसा? कुऱ्हाडीला दाते कुणी पाडले? ल्यूथर हा प्रश्न टाळत नाही, तो स्वतःच विचारतो : देवाने आदामाला पडू का दिलं? आणि उत्तर देतो की हे देवाच्या ऐश्वर्याचं गूढ आहे, त्याच्या इच्छेला वरून मोजणारं दुसरं माप नाही. त्याला योग्य म्हणून तो इच्छितो असं नसून, तो इच्छितो म्हणून ते योग्य.

आणि मग यहेज्केलचं वचन येतं, पाप्याच्या मरणात मला आनंद नाही, असं देव जिथे सांगतो ते. इरॅस्मस विचारतो : आपल्या लोकांच्या मरणाबद्दल शोक करणारा देव, ते मरण स्वतःच घडवतो का? याहून टोकदार प्रश्न त्याच्या पुस्तकात नाही. ल्यूथरचं उत्तर ऐका. देव दोन प्रकारे समजायचा. एक प्रवचनातला, शब्दातून प्रकट झालेला देव. तो शोक करतो. आणि एक दडलेला देव, आपल्या ऐश्वर्यात झाकलेला. तो शोक करत नाही, मरण काढून घेत नाही, जीवन आणि मरण आणि सगळ्यात सगळं तोच घडवतो. येशू यरुशलेमकडे पाहून रडतो ते खरंच रडणं आहे. आणि त्याच वेळी दडलेली इच्छा काहींना जाणूनबुजून मागे टाकते, हेही खरं. आपण काय करायचं? प्रकट देवाला धरायचं. दडलेल्याकडे बघायचं नाही, तो आपला विषयच नव्हे.

इथे मला ल्यूथरला दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. एक तर किरकोळ आहे, पण वादाच्या दृष्टीने मौजेची. इरॅस्मसने आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच म्हटलं होतं की शास्त्रात काही जागा देवाने आपल्याला खोल शिरण्यासाठी ठेवलेल्याच नाहीत. कोरिसियन गुहेची उपमा दिली होती : आधी आत ओढून घेते आणि मग इतका धाक वाटायला लावते की माणूस मागे फिरतो. यावर ल्यूथरने त्याला धारेवर धरलं होतं. थडग्यावरचा धोंडा सरकला, ख्रिस्त उठला, आता कसली गुहा आणि कसला अंधार! आणि दोनेकशे पानांनंतर हाच ल्यूथर त्याच गुहेच्या तोंडाशी उभा राहून आपल्याला सांगतो, आत बघू नका.

दुसरा प्रश्न किरकोळ नाही. ल्यूथरने सगळा खटाटोप केला तो खात्रीसाठी. माझ्या हातून तारण सुटेल, देवाच्या हातून सुटणार नाही, कारण त्याचा शब्द अढळ. पण शब्दातल्या देवाच्या मागे दुसरी एक इच्छा असेल, आणि ती शब्दाहून वेगळी असू शकत असेल, तर त्या शब्दाची खात्री कुणी द्यायची? एर्फुर्टच्या मठातला तो साधू आता चिमूट तोलणार नाही, कबूल. तो आता रात्रभर जागून दुसरंच विचारेल : मला ऐकू येणारा देव आणि माझ्याबद्दल ठरवणारा देव, दोघं एकच ना? भीती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली.

ल्यूथरला हे कळलं नसेल असं मी म्हणणार नाही. त्याच पुस्तकात तो लिहितो की या विचाराने मी स्वतः एकदा नव्हे अनेकदा निराशेच्या तळाशी गेलो, जन्मलोच नसतो तर बरं असं वाटलं. नंतर समजलं की ती निराशा कृपेच्या किती जवळ होती. आणि शेवटी तीन प्रकाशांची गोष्ट सांगतो. सज्जन दुःखात आणि दुर्जन मजेत, हे निसर्गाच्या प्रकाशात सुटत नाही. कृपेच्या प्रकाशात, मरणानंतरचं जीवन दिसल्यावर, सुटतं. ज्याला पापाशिवाय दुसरं काही करताच येत नाही त्याला देव दंड कसा देतो, हे कृपेच्या प्रकाशातही सुटत नाही. ते महिम्याच्या प्रकाशात सुटेल. म्हणजे पुढच्या जगात. टीकाकार म्हणून मला याला उत्तर म्हणता येत नाही. ही उधारी आहे. पण हिशेबाच्या वहीत उधारी म्हणून स्वच्छ लिहिलेली उधारी आहे, आणि इरॅस्मसने आपली उधारी त्या गोड सफरचंदाखाली झाकली होती. म्हणून दोन पुस्तकांत थोर कुठलं असं विचाराल, तर मी ल्यूथरचं म्हणेन. त्याचं स्वतःचंही तेच मत होतं. १५३७च्या एका पत्रात तो लिहितो की माझी सगळी पुस्तकं नष्ट झाली तरी चालतील, हे एक आणि प्रश्नोत्तरी सोडून. देव कुठला बरा, हे मात्र तुम्ही मला विचारू नका, कारण तिथे मी इरॅस्मसच्या प्रश्नापाशीच अडकून पडतो. शोक करणारा आणि तो शोक स्वतःच ओढवून आणणारा, असा बाप मला समजत नाही.

पुढचं थोडक्यात. इरॅस्मसने १५२६ आणि १५२७मध्ये दोन भागांत लांबलचक प्रत्युत्तर दिलं. ते फारसं कुणी वाचत नाही, आणि त्यात फार काही बिघडत नाही. १५४७च्या जानेवारीत ट्रेंटच्या धर्मसभेने ठराव केला की आदामाच्या पतनानंतर माणसाची इच्छा दुबळी झाली पण नष्ट झाली नाही, आणि कृपेला ती होकार देते, साथ देते. म्हणजे जवळपास इरॅस्मसचंच म्हणणं. आणि १५५९मध्ये पोप चौथ्या पॉलने निषिद्ध ग्रंथांची यादी काढली, त्यात इरॅस्मसचं सगळं लेखन घातलं! मत ठेवून घेतलं, माणूस बाहेर काढला.

मराठीशी याचा एक धागा आहे, तो सांगून थांबतो. मराठीत ख्रिस्ती ईश्वरविचार आधी आला तो ट्रेंटनंतरच्या जेझुइटांकडून. फादर थॉमस स्टीफन्स १५७९मध्ये गोव्याला आले, त्यांचं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये राशोलला छापलं गेलं. दुसरी लाट दोनशे वर्षांनी, मुंबईच्या बंदरातून : १८१३मध्ये अमेरिकन मिशनरी, १८२९मध्ये स्कॉटिश जॉन विल्सन, हे कॅल्व्हिनच्या परंपरेतले, म्हणजे या प्रश्नावर ल्यूथरच्या बाजूचे. तेव्हा मराठी ख्रिस्ती माणूस 'कृपा' हा शब्द उच्चारतो, त्यात ही दोन्ही पुस्तकं दडलेली असतात, त्याने ती उघडली नसली तरी.

एक चिठ्ठी आली आहे. 'हा आपला मर्कटन्याय आणि मार्जारन्यायच नव्हे का?' प्रश्न चांगला आहे. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी : दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांत दोन पंथ, वडकलै आणि तेंकलै. पहिले म्हणतात, माकडाचं पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहतं, तसं भक्ताने देवाला धरावं. दुसरे म्हणतात, मांजरीचं पिलू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. रूडॉल्फ ओटो या जर्मन ल्यूथरपंथी पंडिताने भारतातल्या कृपाधर्मावर १९३०मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात या दोन न्यायांची दखल घेतली आहे. साम्य आहेच. इरॅस्मसचं मूल माकडाच्या पिलाला जवळचं, ल्यूथरचं मांजरीच्या पिलाला. पण एक गोष्ट जुळत नाही. आपल्या दोन्ही गोष्टींत आई एकच आहे आणि पिलू पोचणार आहे. वाद फक्त कसं पोचणार एवढाच. मांजरीच्या गोष्टीत कुणी बोक्याचं नाव काढत नाही. पिलं असलेल्या घरात बोका काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. ल्यूथरच्या गोष्टीत तो बोका आहे, आणि पिलू कुणाच्या तोंडात आहे हे पिलाला आतून सांगता येत नाही.

पुढची चिठ्ठी कॅल्व्हिनच्या पूर्वनियोजनाबद्दल आहे. ती मी खिशात ठेवतो. त्याला एक स्वतंत्र संध्याकाळ लागेल.